कोरियाचा राजा योंगजो

आशिया खंडाच्या अगदीं पूर्वेस, उत्तरेकडून चीनला चिकटलेलें व जपानकडे तोंड केलेलें कोरियाचें द्वीपकल्प आहे. या देशावर यी घराण्यानें इ. स. १३९२ पासून १९१० पर्यंत राज्य केलें. त्या घराण्यांतील एकविसावा राजा योंगजो याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याच्याइतकें दीर्घकाळ त्या घराण्यांत दुसऱ्या कोणीं राज्य केलें नाहीं. तो सन १७२४ त गादीवर बसला आणि १७७६ त, वयाच्या ८१ व्या वर्षीं, राजा असतांनाच वारला. प्रजेवरील कर त्यानें कमी केला, कचेऱ्यांतील क्रूर छळ बंद केला, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या पक्षांस एका दरबारांत आणून बसविलें. तथापि या ५२ वर्षांत एक कुजबुज त्याच्या पाठीस सारखी लागलेली होती. ती कशाविषयीं, म्हणून विचाराल, तर एका ताटाविषयीं. त्या ताटांत खारवलेले खेंकडे व एक फळ, इतकेंच होतें.

ही हकीकत समजण्यास थोडें मागें जावें लागेल. योंगजोचा पिता सुकजोंग राजा कर्तबगार खरा, परंतु राण्यांच्या बाबतींत मोठा चंचल. त्यास पट्टराणीपासून मूल नव्हतें. सन १६८८ त जांग नांवाच्या उपस्त्रीस मुलगा झाला, तेव्हां राजानें पट्टराणी इनह्योन हिला पदच्युत करून जांगला राणी केलें. पांचच वर्षांनीं, १६९४ त, त्याचें मन फिरलें. इनह्योन परत आली व जांग पुन्हां खालच्या पायरीवर गेली. १७०१ त इनह्योन वारली, आणि जांगनें तिच्यावर करणी केली होती असा आरोप येऊन राजाज्ञेनें जांगला विषाचा पेला प्यावा लागला. तिचा मुलगा तेव्हां अवघा १३ वर्षांचा, आणि तोच युवराज. पुढें तो ग्योंगजोंग या नांवानें राजा झाला.

विषाचा पेला हा प्रकार आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. कोरियांत प्रतिष्ठित गुन्हेगारांचा शिरच्छेद न करितां त्यांस राजाकडून सायाक म्हणजे औषध पाठविण्यांत येई. देह अखंड राहतो, म्हणून ती सवलत समजली जाई! त्यांत सोमल, बचनाग यांसारखीं द्रव्यें असत असें मानतात. अशा राजवाड्यांत जेवणाची भीति किती असेल याची कल्पना करावी. राजाच्या थाळींतील पदार्थ आधीं चाखून पाहणारी दासी नेमलेली असे, आणि चमचा व काड्या चांदीच्या असत. सोमलांत गंधकाचा अंश असला म्हणजे चांदी काळी पडते, हें खरें. पण अंड्याच्या बलकानेंही ती काळवंडते, आणि पुष्कळ विषें अशीं आहेत कीं, चांदीस त्यांची ओळखदेखील पटत नाहीं. १६४६ त तेव्हांच्या राजाच्या जेवणांतील भाजलेल्या शिंपल्यांत विष सांपडल्याची ओरड झाली, व त्याची विधवा सून कांग हिच्यावर आळ येऊन तिला मरावें लागलें. ती निर्दोष होती हें दरबारानें १७१८ त मान्य केलें, म्हणजे ७२ वर्षांनंतर. ताटावरचा आळ किती दिवस टिकतो याचें हें एक उदाहरण त्या वाड्यांतील सर्वांस ठाऊक होतें.

आमचा चरित्रनायक ३१ ऑक्टोबर १६९४ रोजीं जन्मला. त्याची आई चोइ ही वाड्यांत अगदीं हलक्या कामावर होती. ती पाणी भरणारी दासी होती अशी परंपरागत समजूत आहे. आईच्या या हीन दर्जाचा सल योंगजोच्या मनांतून कधींच गेला नाहीं. लहानपणीं त्यास योनिंग राजपुत्र म्हणत. थोरला सावत्र भाऊ ग्योंगजोंग व हा, यांच्यांत सहा वर्षांचें अंतर होतें. दोघांत वैर होतें असें दिसत नाहीं. वैर होतें तें त्यांच्याभोंवतालच्या माणसांत.

त्या वेळीं दरबारांत दोन पक्ष प्रबळ होते. नोरोन पक्षानें जांग राणीच्या नाशास हातभार लावलेला असल्यामुळें तिचा मुलगा राजा होणें त्यांस धोक्याचें वाटे. ते योनिंगकडे डोळे लावून बसले. सोरोन पक्ष ग्योंगजोंगच्या बाजूचा. १७२० त सुकजोंग वारला व ग्योंगजोंग गादीवर आला. तो प्रकृतीनें अशक्त, मितभाषी व निपुत्रिक होता. दुसऱ्याच वर्षीं नोरोन मंत्र्यांनीं आग्रह धरून योनिंगला वारस ठरवून घेतलें. येथवर ठीक होतें. पण दोन महिने लोटतात न लोटतात तोंच राज्यकारभारही वारसाच्या हातीं द्यावा अशी मागणी त्यांनीं पुढें केली, आणि येथें त्यांचा तोल सुटला. जिवंत राजास बाजूस सारण्याचा हा बेत आहे, असा सोरोन पक्षाच्या किम इल-ग्योंग यानें हल्ला चढविला. नोरोन पक्षाचे चार मुख्य मंत्री हद्दपार झाले. १७२२ त मोक हो-र्योंग नांवाच्या इसमानें अशी फिर्याद दिली कीं, नोरोन घराण्यांतील तरुणांनीं राजास तरवारीनें, विषानें अथवा खोट्या आज्ञापत्रानें दूर करण्याचा तिहेरी कट केला होता. छळ करून कबुलीजबाब घेण्यांत आले, चारही मंत्र्यांस प्राणास मुकावें लागलें, आणि त्या खटल्याच्या कागदांत योनिंगचेंही नांव गोंवलें गेलें.

या दोन वर्षांत योनिंगची अवस्था मोठी बिकट होती. एका कारस्थानी खोजानें त्याची राजाकडे जाण्याची वाटच बंद केली, तेव्हां सुकजोंगची विधवा राणी इनवोन हिनें त्यास पाठीशीं घातलें. राजानेंही भावावर हात उगारला नाहीं. मनांत आणलें असतें तर एका पेल्यांत काम झालें असतें. तो पेला ग्योंगजोंगनें पाठविला नाहीं, ही गोष्ट आम्हांस या दुबळ्या म्हणविल्या गेलेल्या राजाविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते.

आतां त्या ताटाकडे येऊं. १७२४ च्या शरद ऋतूंत ग्योंगजोंग बरेच दिवस आजारी होता व अन्नावर वासना नव्हती. त्याच्यापुढें गेजांग आणि गाम हे दोन जिन्नस आले. गेजांग म्हणजे कच्चे खेंकडे सोयाबीनच्या खारट रसांत मुरवून केलेला पदार्थ. तो भातास लावून मोठ्या आवडीनें खातात. गाम हें आपल्याकडील टेंभुर्णीच्या जातीचें, पण टोमॅटोएवढें नारिंगी रंगाचें फळ. कित्येक दिवसांनीं राजा चवीनें जेवला. त्या रात्रीं, चांद्र आठव्या महिन्याच्या २० व्या तिथीस, त्याच्या छातींत व पोटांत कळा येऊं लागल्या. हे दोन पदार्थ एकत्र खाणें वैद्यशास्त्रानें निषिद्ध मानिलें आहे, असें राजवैद्यांनीं सांगितलें. पोट साफ होण्याचे उपाय झाले, पण जुलाब थांबेनात व शक्ति झपाट्यानें ओसरली.

पुढील प्रसंग तर याहून नाजूक आहे. यी गोंग-युन नांवाच्या वैद्यानें आपला काढा चालविला होता व त्यावर त्याचा हट्ट होता. २४ व्या तिथीस राजाचे डोळे निश्चल होऊं लागले, तेव्हां योनिंगनें जिनसेंग व शोधलेला बचनाग आणून देण्याची आज्ञा केली. आपल्या औषधावर जिनसेंग दिल्यास राजाचा प्राणवायु अडेल, असें वैद्यानें बजावलें. योनिंगनें त्यास झिडकारलें. ही आपापली मतें सिद्ध करण्याची वेळ आहे काय, असा त्याचा रोख होता. औषध दिल्यावर राजास क्षणभर ऊब आली, नजर किंचित् स्थिरावली. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं, राजानें देह ठेविला. वय ३५ वर्षें. पांच दिवसांनीं योनिंग राजा झाला.

खेंकडे धाकट्या भावानें पाठविले, औषध धाकट्या भावानें दिलें, आणि गादीही धाकट्या भावासच मिळाली. एवढें लोकांस पुरेसें होतें.

सत्य काय असावें? खेंकडे व गाम यांच्या संयोगानें विष उत्पन्न होतें, ही समजूत चीन व कोरिया या दोन्ही देशांत फार जुनी आहे. आपल्या घरांतही दुधाबरोबर मासे खाऊं नयेत असें वडील मंडळी सांगतात, आणि आयुर्वेदांत विरुद्धाहाराचें प्रकरणच आहे. आजच्या शास्त्रास मात्र या दोन पदार्थांपासून असें कांहीं विष बनतांना आढळलेलें नाहीं. गाम अर्धें कच्चें असल्यास त्यांतील तुरट द्रव्य जठररसाशीं मिळून पोटांत घट्ट गोळा बनवूं शकतें, ही एक गोष्ट. दुसरी याहून महत्त्वाची. खेंकडा जात्याच लवकर नासणारा प्राणी. तो न शिजवितां मुरविला तर खारट रसांतही रोगजंतु टिकून राहण्याचा संभव असतो, आणि नदीच्या कच्च्या खेंकड्यांतून फुप्फुसांत घर करणारा कृमि माणसाच्या शरीरांत जातो. धडधाकट माणूस एखाददुसऱ्या दिवसाच्या जुलाबांवर सुटेल; महिनोन् महिने खंगलेला राजा त्या खालीं सांपडला, तर त्यास कोणा हत्याऱ्याची गरज नव्हती. वैद्यांचें एकमत नसणें व बचनागासारखें जहाल औषध, यांनीं उरलेलें काम केलें असल्यास नवल नाहीं. योंगजोनें बुद्ध्या भावास मारिलें असें दाखविणारा कोणताही पुरावा नाहीं. तथापि वैद्याचा सल्ला धुडकावून रोग्यास स्वतः औषध ठरविण्याचें धाडस त्यानें करावयास नको होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो निर्दोष असला तरी त्या एका उतावळेपणानें त्यानें आपल्या शत्रूंच्या हातीं काठी दिली.

शत्रूंनीं ती लागलीच उचलली. नव्या राजानें किम इल-ग्योंग व मोक हो-र्योंग यांस देहांत शासन केलें. पण माणसें मारून कुजबुज मरत नाहीं. १७२८ च्या वसंतांत यी इन-ज्वा यानें बंड उभारलें. बंडवाल्यांनीं प्रेतयात्रेच्या मिषानें तिरड्यांतून शस्त्रें लपवून आणून चोंगजू शहर घेतलें व तेथील सेनापतीस ठार केलें. त्यांच्या फौजेनें ग्योंगजोंगच्या सुतकाचीं पांढरीं वस्त्रें नेसलीं होतीं, आणि तळावर त्याच्या नांवाची पाटी मांडून सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढें शोकविधि चालत. विष घातलेल्या राजाचा सूड, हीच त्यांची आरोळी होती.

या संकटांत योंगजोनें जें केलें तें त्याच्या शहाणपणाचें उत्तम गमक आहे. बंडवाले बहुतेक सोरोन पक्षाशीं नातें सांगणारे होते. तरी त्यानें बंड मोडण्याची कामगिरी सोरोन पक्षाच्याच ओ म्योंग-हांग यास सांगितली. त्यानें आनसोंग येथें बंडखोरांचा मोड केला. एका पक्षास सर्वस्वीं हाकलून दुसऱ्यास डोक्यावर घेण्याची बापाची रीत योंगजोनें टाकून दिली, आणि दोन्ही पक्षांतील लायक माणसांस बरोबरीनें जागा देण्याचें धोरण ठेविलें. त्या धोरणास तांगप्योंग, म्हणजे निःपक्षपाताचा सपाट मार्ग, असें म्हणतात. १७४२ त त्यानें राजधानींतील सर्वांत मोठ्या विद्यालयाच्या दाराशीं, जेथें उद्यांचे अंमलदार शिकत तेथेंच, या तत्त्वाचा शिलालेख उभा केला. मुगाच्या पिठाच्या पांढऱ्या वड्या, मांस, हिरवी भाजी व काळें समुद्रशैवाल असे निरनिराळ्या रंगांचे जिन्नस एकत्र कालवून केलेला तांगप्योंगचे नांवाचा एक पदार्थ कोरियांत आहे. तो या धोरणाच्या चर्चेच्या वेळीं प्रथम वाढला गेला अशी दंतकथा सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, ज्याच्यावर ताटामुळें बालंट आलें त्याच्या नांवाशीं लोकांनीं एक ताट जोडावें, हें मौजेचें आहे.

त्याच्या इतर कामांपैकीं थोडींच येथें देतों. गुडघे दाबून कबुली घेण्याचा प्रकार त्यानें १७२५ त व तापल्या लोखंडाचे डाग देण्याचा १७३३ त बंद केला. लष्करी चाकरीऐवजीं रयतेस वर्षास कापडाचे दोन तागे द्यावे लागत, ते १७५० त एकावर आणिले. या एका सुधारणेनें लाखों कुटुंबें सुखावलीं. १७६० त राजधानीच्या मध्यांतून वाहणारा व गाळानें बुजलेला ओढा ५७ दिवस खपून साफ करविला. दोन लाखांवर मजूर-दिवस त्यास लागले. तो स्वतः साधें खाई व नेमानें खाई. उतारवयांत त्यानें आपल्या आवडीचे चार पदार्थ बोलून दाखविल्याची नोंद दरबारच्या रोजनिशींत १७६८ सालीं आहे: रानांतील अळंबीं, ताजे शिंपले, तरुण तित्तिराच्या जातीचा पक्षी आणि मिरचीची आंबविलेली चटणी. चटणीशिवाय त्यास घांस गोड लागत नसे, हें वाचून आमच्या कांहीं वाचकांस तो जवळचा वाटेल!

कुजबुज मात्र ३१ वर्षांनींही जिवंत होती. १७५५ त नाजू गांवीं राजद्रोही मजकुराचा कागद भिंतीवर लागला व धरपकड झाली. राजा स्वतः आरोपींची चौकशी करीत होता. त्यांत शिन ची-उन नांवाच्या एका गृहस्थानें भर दरबारांत, राजाच्या तोंडावर, असें सांगितलें कीं, ग्योंगजोंग वारला त्या सालापासून आपण खारवलेल्या खेंकड्यांस तोंड लाविलेलें नाहीं, आणि हाच आपला राजद्रोह. साठी ओलांडलेला राजा तें ऐकून सर्वांदेखत रडला. शिन ची-उनचें पुढें काय झालें तें सांगावयास नको. त्याच सालीं योंगजोनें आपल्या वारशाचा सर्व इतिहास सरकारी ग्रंथरूपानें प्रसिद्ध करविला, आणि ते खेंकडे आपल्याकडून अथवा राणी इनवोनकडून गेलेले नसून राजाच्या मुदपाकखान्यांतूनच आले होते, असें जाहीर केलें. इतक्या वर्षांनंतर सांगितलेली ही गोष्ट ज्यांस पटावयाची त्यांस पटली.

या संशयाची खरी किंमत, आम्हांस वाटतें, त्याच्या मुलानें भरली. १७३५ त सादो राजपुत्र जन्मला. थोरला मुलगा १७२८ तच गेलेला. त्यामुळें बापाचें वय ४० झाल्यावर आलेलें हें मूल देशाचा वारस होतें. परंतु तान्ह्या मुलास त्यानें आईपासून दूर, ग्योंगजोंगची विधवा राणी राहत असे त्या वाड्यांत ठेविलें; दासीही ग्योंगजोंगच्याच जुन्या चाकरींतील नेमल्या. मुलाचें स्वयंपाकघर जेथें केलें, तें एके काळीं जांगचें राहण्याचें ठिकाण! सादोची पत्नी ह्येग्योंग हिनें म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत हें सर्व नमूद आहे. भावाविषयीं आपल्या मनांत कांहीं नाहीं हें दाखविण्याकरितांच राजानें असें केलें असावें, असा आमचा तर्क आहे. पण त्या दासी राजास मनांतून मानीत नव्हत्या, राजाचें तिकडे जाणें कमी झालें, आणि मूल बापास परकें झालें. पुढें राजा मुलास जेवण झालें काय एवढेंच विचारी, आणि उत्तर कानीं पडतांच अशुभ ऐकल्याप्रमाणें आपले कान धुई, असें ती सांगते. मुलाच्या मनाचा तोल हळूहळू गेला. त्याच्या हातून चाकरांच्या हत्या होऊं लागल्या. अखेर ४ जुलै १७६२ रोजीं, कडक उन्हाळ्यांत, राजानें २७ वर्षांच्या मुलास तांदूळ ठेवण्याच्या लांकडी पेटींत शिरावयास लावून झांकण बंद करविलें. विष नको, शस्त्र नको. आठव्या दिवशीं पेटी उघडली तेव्हां आंत प्रेत होतें. दहा वर्षांचा नातू पित्यासाठीं गयावया करीत होता. त्यास बाहेर नेण्यांत आलें. ज्याच्या दयाळूपणाचीं इतकीं उदाहरणें वर दिलीं त्याच राजाचें हें कृत्य आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाहीं.

त्या नातवासच योंगजोनें पुढें स्वतःजवळ ठेवून शिकविलें. २२ एप्रिल १७७६ रोजीं योंगजो वारला व नातू जोंगजो या नांवानें राजा झाला. तोही मोठा विद्याव्यासंगी निघाला. त्याच्या कारकीर्दींत, १७८१ त, ग्योंगजोंगच्या काळचा सरकारी इतिहास नोरोन पक्षाच्या दृष्टीनें पुन्हां लिहून काढण्यांत आला. पण पहिला इतिहास फाडून टाकला नाहीं. चोसन दरबाराची ही एक रीत फार चांगली होती. दोन्ही इतिहास शेजारीं शेजारीं आजपर्यंत राहिले आहेत, आणि खेंकडे, गाम, बचनाग यांची ती पांच दिवसांची हकीकत कोणासही वाचतां येते. ग्योंगजोंगची समाधि आजच्या सोल शहरांत आहे, योंगजोची शहराच्या पूर्वेस, नऊ राजसमाधींच्या राईंत. गेजांग कोरियाच्या घरोघरीं अद्याप आवडीनें खातात. त्यावर गाम खाऊं नको, असें सांगणाऱ्या आज्याही तेथें अद्याप आहेत.